महागडा फोनो प्रीॲम्प घेताना: आधी सुई, मग घरची वीज, पेटी शेवटी

लाखभर रुपये मोजून आणलेला फोनो प्रीॲम्प (रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवून ॲम्प्लिफायरला देणारी पेटी) घरी जोडला, की पहिल्यांदा ऐकू येते ती बहुतेक वेळा गुणगुण. दोष पेटीचा असतोच असं नाही. आधी पेटी पसंत केलेली असते, मग तिला आपलं कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीतून सिग्नल तयार करणारा छोटा भाग) जुळतं का ते पाहिलेलं असतं, आणि घरच्या विजेचा विचार तर कुणी केलेलाच नसतो. गोव्यात, त्यातही जुन्या घरात, हा तिसरा भागच सगळ्यात जास्त छळतो. म्हणून इथे सुरुवात सुईपासून करू आणि ब्रँडपर्यंत अगदी शेवटी पोचू.

ही पेटी करते काय

रेकॉर्ड कापताना खर्जाकडचे ध्वनी मुद्दाम दाबतात आणि वरचे बारीक ध्वनी उचलतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या खाचा इतक्या रुंद होतील की एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं मावणार नाही, आणि वरचे ध्वनी सुई घासण्याच्या खरखरीत बुडून जातील. ऐकताना हे सगळं परत सरळ करावं लागतं. किती सरळ करायचं याचं माप अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४मध्ये ठरवलं. तिच्याच नावावरून त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. १ किलोहर्ट्झ मध्य धरला तर २० हर्ट्झला सुमारे १९ डीबी (डेसिबल, वाढ-घट मोजायचं माप) वाढ आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच घट. म्हणजे तळाचा आवाज नऊ-दहा पट मोठा करायचा आणि अगदी वरचा तितकाच लहान. हे एक काम. दुसरं काम म्हणजे सुईकडून येणारा मिलिव्होल्टांतला सिग्नल साध्या ॲम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवणं.

आता भिंतीतल्या विजेकडे पाहा. ती ५० हर्ट्झची. कर्व्हप्रमाणे ५० हर्ट्झला सुमारे १७ डीबी, म्हणजे सातपट, वाढ मिळते. एमसी, म्हणजे फार क्षीण सिग्नल देणाऱ्या प्रकारचं, कार्ट्रिज असेल तर प्रीॲम्प सिग्नल आधीच हजारपट करत असतो. दोन्ही मिळून, वायरीत शिरलेली विजेची गुणगुण सात हजार पट होऊन स्पीकरपर्यंत जाते. सीडी प्लेअरला किंवा फोनला हा त्रास नाही. त्यामुळे ‘बाकी सगळं तर छान वाजतं’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

१. गरज आहे का, ते पाहा

टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राच्या, पाठीमागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा स्विच असेल (ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-१२०एक्सला असतो), तर आत छोटा प्रीॲम्प आहे. बाहेरचा प्रीॲम्प लावायचा असेल तर हा स्विच ‘फोनो’वर हवा, आणि प्रीॲम्पची वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’मध्ये जायला हवी. चुकून दोन फोनो प्रीॲम्प एकामागे एक लागले की कर्व्ह दोनदा लागतो: खर्ज घुमतो, वरचं सगळं आंधळं होतं आणि आवाज फाटतो.

टर्नटेबलसोबत आलेलंच कार्ट्रिज अजून वापरत असाल तर लाखाची पेटी घेऊ नका. त्यातले निम्मे पैसे आधी कार्ट्रिजवर घाला. माझं सरळ मत आहे की कार्ट्रिज आणि प्रीॲम्प यांच्या किमती एकमेकांच्या आसपास असाव्यात.

२. कार्ट्रिजचे दोन आकडे लिहून काढा

खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आउटपुट किती मिलिव्होल्ट आणि इंटर्नल इम्पीडन्स (आतला विजेचा अडथळा) किती ओहम, हे दिलेलं असतं. हे दोन आकडे पाठ झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, कार्ट्रिजचं आउटपुट साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट. ऑर्टोफॉनच्या २एम रेडचं ५.५, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईचं ४. एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल, कार्ट्रिजमध्ये चुंबकाऐवजी इवलीशी गुंडाळी हलते, म्हणून आउटपुट दहा-वीस पट कमी. डेनॉनचं डीएल-१०३ हे त्यातलं जुनं-जाणतं नाव. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी १९६०च्या दशकात घडवलं गेलं, आणि आजही मिळतं. त्याचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, इम्पीडन्स ४० ओहम. ‘हाय आउटपुट’ एमसी असाही एक प्रकार आहे. तो दीड-दोन मिलिव्होल्ट देतो आणि एमएमच्या इनपुटला चालतो.

३. गेन

गेन म्हणजे पेटी सिग्नल किती पट वाढवते ते. एमएमला ४० डीबी म्हणजे शंभरपट, एमसीला ६० डीबी म्हणजे हजारपट. हिशेब तोंडी होतो: ५ मिलिव्होल्ट गुणिले १०० म्हणजे अर्धा व्होल्ट, ०.३ गुणिले १००० म्हणजे ३०० मिलिव्होल्ट. ॲम्प्लिफायरला एवढं पुरतं. गेन कमी पडला तर व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश फिरवावा लागतो आणि सोबत फुसफुस येते. जास्त झाला तर त्याहून वाईट: २एम रेडला ६० डीबी दिलं की साडेपाच व्होल्ट बाहेर पडायला बघतात आणि पेटीचा आतला दम संपतो.

या दमाला ओव्हरलोड मार्जिन म्हणतात, आणि दुकानात त्याबद्दल कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या जुन्या, पावसाळे काढलेल्या रेकॉर्डवर टिकटिक-चटचट भरपूर असते. प्रत्येक ‘चट’ म्हणजे गाण्याहून कितीतरी मोठा क्षणिक सिग्नल. मार्जिन तोकडं असेल तर पेटी त्या धक्क्यातून सावरायला वेळ घेते आणि टिकटिक लांबट, जाड ऐकू येते. मार्जिन भरपूर असेल तर तीच टिकटिक बारीक होऊन गाण्याच्या बाजूने निघून जाते. एमएम इनपुटला १ किलोहर्ट्झला निदान ५० मिलिव्होल्ट सहन व्हायला हवेत. शंभरच्या पुढे असतील तर उत्तम. घरात वडिलांच्या-आजोबांच्या रेकॉर्ड असतील, तर मी सोनेरी नॉब आणि जाड ॲल्युमिनियमच्या आधी हा आकडा बघेन.

४. लोड

लोड म्हणजे कार्ट्रिजला समोर पेटीचा किती रोध आणि किती कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) भासते ते. नवखे लोक इथे घाबरतात, पण खरं तर सगळ्यात मजेचा भाग हाच.

एमएमला रोध ठरलेला आहे: ४७ किलोओहम. बदलते ती कपॅसिटन्स. कार्ट्रिजची गुंडाळी आणि वायर-इनपुट मिळून झालेली कपॅसिटन्स यांचा वरच्या पट्टीत कुठेतरी अनुनाद होतो, म्हणजे तिथला आवाज फुगून उंचवटा येतो. कपॅसिटन्स वाढली की तो खाली सरकतो. व्हीएम९५ईला कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. तिथे ४०० झाले की उंचवटा १५ किलोहर्ट्झच्या आसपासचा १० किलोहर्ट्झकडे येतो. मग गायिकेचा ‘स’ शिट्टीसारखा टोचतो, झांजा कर्कश होतात, आणि लोक म्हणतात, ‘कार्ट्रिजच तसलं आहे.’ २एम रेडला मात्र १५० ते ३०० चालतात. टर्नटेबलची वायरच बहुधा शंभरेक पिकोफॅरड खाते, हे वजा करूनच पेटीचं सेटिंग ठरवायचं. एमएम वापरणार असाल तर कपॅसिटन्स बदलता येणारी पेटी घ्या. हाय-एंड म्हणवणाऱ्या कित्येक पेट्यांत ही सोय नसते, कारण त्यांचा सगळा जीव एमसीत असतो.

एमसीला कपॅसिटन्सची फारशी फिकीर नाही. तिथे रोध बदलायचा. ठोकताळा असा, की कार्ट्रिजच्या इंटर्नल इम्पीडन्सच्या निदान दहापट. डीएल-१०३ला म्हणजे ४०० ओहम. १०० ओहमवर ते त्याहून सुमारे २ डीबी हळू वाजतं आणि वरचा भाग जरा मऊ होतो. काहींना तेच आवडतं. त्यामुळे १०० ते १००० ओहमच्या दरम्यान निदान चार-पाच टप्पे असलेली पेटी बघा. टप्पे बदलायला झाकण उघडून आत इवलेसे स्विच सरकवावे लागत असतील, तर तुम्ही ते एकदाच कराल आणि सोडून द्याल. पुढच्या पॅनेलवर नॉब असेल तर खरोखर ऐकून ठरवाल.

आणखी दोन वाटा. एक म्हणजे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर: चांगला एमएम प्रीॲम्प आधीच असेल तर मध्ये १:१०चा ट्रान्सफॉर्मर टाकून २० डीबी गेन मिळतो, आणि ४७ किलोओहमचा लोड कार्ट्रिजला ४७० ओहम भासतो. डीएल-१०३ला हे अगदी जुळतं. दुसरी म्हणजे करंट-मोड प्रीॲम्प. हा व्होल्टेज नाही, प्रवाह मोजतो. लोडचं सेटिंगच लागत नाही. पण त्याला १० ओहमच्या आतली कार्ट्रिजं मानवतात. ४० ओहमचं कार्ट्रिज त्याला लावलं तर गेन पुरत नाही.

५. घरची वीज आणि अर्थिंग

पेटी ठरवण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. हा सल्ला ऑडिओवाल्यांच्या गप्पांत क्वचित येतो, पण फोंडा-मडगावच्या चिरेबंदी घरांत त्याच्याइतका स्वस्त अपग्रेड दुसरा नाही. जुन्या घरांत वायरिंग दोन तारांचं असतं; तीन छिद्रांचं सॉकेट बसवलेलं असतं, पण तिसऱ्या छिद्राच्या मागे तारच नसते. तार असलीच तर अंगणातला अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) कधी भरला ते कुणाला आठवत नाही. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि पिटचा रोध चढतो. तेव्हा पाणी घालत राहावं लागतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट असतील तर ठीक. वीस-तीस असतील तर आधी वायरमनचं काम, मग संगीत. हे तिसरी पिन नसलेल्या पेटीसाठीसुद्धा कराच, कारण प्रश्न जिवाचा आहे. आणि गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन मोडण्याचा जो सल्ला मिळतो, तो कधीही ऐकू नका.

अर्थिंग चांगलं असूनही गुणगुण असेल तर शक्यता ग्राउंड लूपची, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली जाऊन तयार झालेल्या वेटोळ्याची. टर्नटेबल, प्रीॲम्प, ॲम्प्लिफायर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला आवळा. (रेगाच्या टर्नटेबलला ही वेगळी वायर नसते, ग्राउंड सिग्नलच्या वायरीतूनच जातं. शोधत बसू नका.) तरीही राहिली तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. गच्चीवरून आलेली केबलवाल्याची तार स्वतःचं वेगळं अर्थ घेऊन घरात शिरते, आणि टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर लूप तिथेच पूर्ण होतो.

गुणगुण वेगळी आणि किरकिर वेगळी. खालच्या पट्टीतली सलग ‘हूं’ बहुधा लूपची किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरची. प्रीॲम्प हातभर दूर सरकवला की कमी होते. टोकदार ‘झर्र’ असेल तर पंखा बंद करून बघा. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतो, आणि ते कापणं दर सेकंदाला शंभर वेळा प्रीॲम्पमध्ये ऐकू येतं. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की झर्र जाते. आपल्याकडे पंखा बंद करून गाणं ऐकणं ही शिक्षा आहे, तेव्हा हे काम आधी करा. स्वस्त एलईडी दिव्यांचंही तसंच. वीज खात्याची लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड लावायची असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. नाहीतर झर्र परत हजर.

६. व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर

या वादात मी थोडक्यात बोलतो. व्हॉल्व्हचे (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचे) प्रीॲम्प, उदाहरणार्थ ईएआर ८३४पी, ईसीसी८३ या छोट्या व्हॉल्व्हवर चालतात आणि मानवी गळा फार देखणा उभा करतात. पण व्हॉल्व्ह संपतात, बदलावे लागतात, धक्क्याने किणकिणतात (माडीच्या लाकडी जमिनीवर चालताना ऐकू येईल), आणि ०.३ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला निव्वळ व्हॉल्व्हचा गेन आवाजरहित मिळणं अवघड; म्हणून त्यात एमसीसाठी बहुधा ट्रान्सफॉर्मरच असतो. सारखी लाइट जाणाऱ्या गावात उघड-बंद होण्याचा ताण वेगळाच. ट्रान्झिस्टरचे प्रीॲम्प, जसं जॉन कर्लच्या रचनेचा पॅरासाउंड जेसी ३, शांत, टिकाऊ आणि दिवसभर चालू ठेवता येण्याजोगे. कमी आउटपुटचं एमसी असेल तर मी ट्रान्झिस्टरकडे झुकेन.

७. कोणती बटणं पैसे देण्यालायक

मोनो बटण (डावी-उजवी बाजू एक करणारं): होय. कोलकात्याजवळ दमदमला छापलेल्या एचएमव्हीच्या जुन्या मोनो एलपी घरात असतील तर नक्कीच. मोनो केल्यावर खाचेच्या उभ्या हालचालीतून येणारी निम्मी खरखर एकमेकांना छेदून जाते.

सबसॉनिक फिल्टर: बहुधा होय. वाकलेली रेकॉर्ड फिरताना वूफर आत-बाहेर डुलताना दिसतो; तो डुलणारा भाग कानाला ऐकू येत नाही, पण ॲम्प्लिफायरची ताकद खातो. फिल्टर बंद करता आला पाहिजे, एवढं बघा.

वेगवेगळे ईक्यू कर्व्ह (आरआयएएसारखीच, पण इतर कंपन्यांची मापं): बहुतेकांना नको. गोल्ड नोट पीएच-१० सारख्या पेटीत आरआयएएखेरीज डेक्का आणि कोलंबियाचे कर्व्ह मिळतात. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या परदेशी एलपी जमवत असाल तरच त्यांचा उपयोग. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट निराळी: त्यांना जाड सुई लागते, आणि तेव्हा प्रत्येक कंपनीचा कर्व्ह आपापला होता. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या मूळ तबकड्या ऐकायच्या असतील तर ७८साठी बनवलेला वेगळा प्रीॲम्पच बघा. एकाच पेटीने सगळं साधण्याच्या नादी लागू नका. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळातही गेला. नासाने सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली आहे. प्रीॲम्प मात्र ऐकणाऱ्याने आपापला आणायचा.

८. ऐकणं

गोव्यात बसून हाय-एंड पेट्या शेजारी शेजारी ऐकायला मिळणं कठीण. मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूला जावं लागतं. जाताना आपल्या ओळखीच्या दोन-तीन रेकॉर्ड न्या, आणि दुकानात आपल्याच कार्ट्रिजचं मॉडेल लावायला सांगा. दुकानदार पाच लाखांचं कार्ट्रिज लावून पेटी ऐकवत असेल तर तुम्ही कार्ट्रिज ऐकताय, पेटी नव्हे.

आधी सुई उचललेली ठेवून व्हॉल्यूम नेहमीच्या जागी आणा आणि खुर्चीत बसून कान द्या. खुर्चीपर्यंत फुसफुस पोचत असेल तर पुढे जाऊ नका. मग शास्त्रीय गायनाची एलपी: तानपुऱ्याचे चार स्वर सुटे ऐकू येतात का, की मागे नुसता एक गोंगाट आहे? तबल्याच्या चाटीचा आणि बायाँच्या घुमाऱ्याचा काळ एकच वाटतो का? हार्मोनियम गळ्यावर चढते का? नाट्यगीताची जुनी, थोडी चरचरणारी रेकॉर्ड शेवटी लावा. ओव्हरलोड मार्जिनची परीक्षा तिथे होते. दोन पेट्यांची तुलना करताना आवाजाची पातळी एकसारखी करून घ्या. मोठ्याने वाजणारी पेटी नेहमी चांगली वाटते, आणि विक्रेत्यांना हे आपल्याहून चांगलं माहीत असतं.

९. विकत घेताना

तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) नातेवाइकाने जपानहून स्वस्तात आणलेली पेटी १०० व्होल्टची असते, अमेरिकेतली १२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टला ती सरळ लावली की धूर. आत व्होल्टेज बदलायची सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो स्वतःच गुणगुणतो, त्यामुळे प्रीॲम्पपासून दूर ठेवावा लागेल. आखाती देश, लंडन किंवा लिस्बनहून आणलेल्या पेटीला ही अडचण नाही. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून किंमत काढा, आणि भारतातला अधिकृत विक्रेता त्या पेटीची दुरुस्ती करेल का, हे लेखी घ्या.

किनाऱ्याजवळ, कांदोळी-कोलव्याकडे राहणाऱ्यांनी सोन्याचा मुलामा असलेली सॉकेटं बघावीत. खारी हवा साध्या निकेलवर लवकर बसते. वर्षातून दोनदा प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ट्रान्झिस्टरची पेटी जुलै-ऑगस्टच्या संततधारेत चालूच ठेवली तर आतून कोमट राहते आणि दमटपणा धरत नाही. पण मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी पूर्वेकडून गडगडाट सुरू झाला, की नुसता स्विच बंद करून भागत नाही: प्लग भिंतीतून बाहेर काढा, आणि त्याच वेळी सेट-टॉप बॉक्सची केबलही.